उजव्या स्पीकरचा दोष

अमेरिकेतल्या डुलुथ गावात टेकडीवर राहणारा व्हर्न स्कोगलंड पोस्टातून निवृत्त झाला होता. तळघरातल्या संगीतातून निवृत्त व्हायचा त्याचा विचार नव्हता. तिथे छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर आणि समोर, इंच मोजून ठरवलेल्या जागी, एक खुर्ची. झाडताना ती चार बोटं सरकली म्हणून त्याने बायकोला, ॲर्डिसला, एकदा जेवण गार होईपर्यंत ध्वनिशास्त्र समजावलं होतं.

आवाज असा की वर कपाटातल्या बशा थरथरत. ॲर्डिसने फारच तक्रार केली, तर तो हेडफोन लावी, तोही फक्त उजव्या कानाला. डावा तिच्या हाकेसाठी मोकळा. याला तो संसारातली तडजोड म्हणायचा.

मार्चमध्ये उजवा स्पीकर बिघडला. झांजांची किणकिण गेली, व्हायोलिनवर घोंगडी टाकल्यासारखं वाटू लागलं. व्हर्नने वायरी बदलल्या, तबकडीवर फिरणारी सुई बदलली, शेवटी स्पीकर ऑरिन हापालाकडे नेला. ऑरिन तीस वर्षं गावातली अशी यंत्रं दुरुस्त करत आला होता. काही दोष नाही, असं तो म्हणाला. व्हर्नने हट्ट धरला तेव्हा आतला लहान स्पीकर नवा बसवून दिला. फरक शून्य.

मग रविवारी तळघरात जमणाऱ्या पाच मित्रांपुढे व्हर्नने जाहीर केलं की ऑरिन हलका माल बसवतो, आणि त्याचे हात आता थरथरतात. हातांचं त्याने जागच्या जागी रचलं होतं. मित्रांना स्पीकरमध्ये खोट ऐकू येत नव्हती, पण दुसऱ्याच्या घरी त्याची कॉफी पीत असं सांगायची तिकडे पद्धत नाही. उलट दोघांनी आपली यंत्रं ऑरिनकडून परत आणली.

त्या आठवड्यात ऑरिन स्वतःच आला. भांडला नाही. तबकडी लावून म्हणाला, "व्हर्न, खुर्ची फिरव. स्पीकरकडे पाठ करून बस."

"तसं कोणी ऐकत नाही."

"आज ऐक."

व्हर्न बसला. उजव्या स्पीकरमधून झांजा खणखणीत वाजल्या. घोंगडी आता डाव्यावर होती. त्याने खुर्ची सरळ केली, पुन्हा उलटी केली. ॲर्डिस जिन्यावर उभी होती. या वेळी खुर्ची किती सरकली ते तिने पाहिलं.

"ते हातांचं माझ्या बायकोला कळलंय," ऑरिन म्हणाला. "रोज कप देताना माझ्या बोटांकडे बघते."

व्हर्नने तबकडी थांबवली.

कान तपासून दवाखान्यातल्या बाईंनी कागदावर उजव्या कानाच्या ऐकण्याची घसरलेली रेघ दाखवली. गेलं ते परत यायचं नाही. उरलेलं टिकवायचं तर शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येईल इतपतच मोठं लावायचं, आणि मधे मधे थांबायचं.

रविवारी पाचही जण आले. 'ऑरिनने जमवलं एकदाचं,' हे वाक्य व्हर्नने तयार ठेवलं होतं. ते म्हणूनही झालं.

"म्हणजे आधी बिघडवलंच होतं," त्यांतला गॉर्डी म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

व्हर्नने कप खाली ठेवला. "बिघडलाय माझा कान. ऑरिनच्या हातांना काही झालेलं नाही. ते मी रचलं."

सगळे कपात बघत बसले. शेवटी गॉर्डी उठला. परत आणलेला ॲम्प्लिफायर तो ऑरिनकडे न्यायला निघाला होता, आणि व्हर्नने सोबत यावं असं त्याचं म्हणणं पडलं.

"उचलायला नको. त्याच्या बायकोसमोर हेच बोलायला चल."

व्हर्नने कोट घातला.