मोहोरावर दिलेली बाग

आंजर्ल्याहून बंगळूरला निघाले तेव्हा भाऊ, म्हणजे माझे वडील, एसटीच्या खिडकीशी उभे होते. "पोचलीस की कळव गो," एवढंच म्हणाले. खाडीवर धुकं होतं आणि गाडी त्यातच शिरली. पुढची दहा वर्षं मी बहुधा त्या धुक्यातच काढली.

माझ्यासारखे जे गाव सोडून बाहेर पडले, त्यांना ही धुंदी ठाऊक असेल. आम्ही सहा जण महासंगणक बनवत होतो, तोही स्वतःच्या चिपवर चालणारा. एकेका गावाचं हवामान तो सांगणार होता. फोनवर मी हे रंगवून सांगायचे आणि आई म्हणायची, "बाय, जेवलीस काय?"

चिपचा आराखडा परदेशी कारखान्यात पाठवायचा असतो. त्या एका फेरीत कंपनीची जवळजवळ सगळी पुंजी जाते, आणि चिप हातात पडेपर्यंत काही कळत नाही. आमची आली ती चुकीची. चूक माझ्या भागातली होती. गुंतवणूकदार म्हणाले, दुसऱ्या फेरीचे निम्मे पैसे तुम्ही उभे करा.

भाऊंचा नियम होता, नुसता मोहोर बघून आंब्याची बाग व्यापाऱ्याला द्यायची नाही. पौषात फुललेली कलमं बघून व्यापारी आगाऊ पैसे घेऊन दारात येत. भाऊ त्यांना चहा पाजून परत पाठवत. "कैरी सुपारीएवढी होऊ दे, मग बोलू." त्या वर्षी मी न मागता त्यांनी बाग देऊन टाकली, तीही एकदम सात वर्षांच्या मोहोरावर, आणि आलेले पैसे मला पाठवले. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. खरं सांगते, मला आनंदच झाला होता.

दुसरी चिप चालली. पण तोवर बड्या कंपन्यांची वेगवान यंत्रं बाजारात आली आणि आमचं कुणी घेतलं नाही. कंपनी बंद पडली. मी दुसरीकडे नोकरी धरली.

या वैशाखात घरी गेले. बागेत परकी माणसं आंबे उतरवत होती आणि भाऊ बागेच्या दगडी गडग्याच्या अलीकडे उभे राहून स्वतःची कलमं पाहुण्यासारखी बघत होते. मी माफी मागायचं ठरवून आले होते. पण आधी त्यांनीच विचारलं, "चालला होता काय गो तो संगणक?"

"चालला होता. एकदा आपल्या गावाचं हवामानही काढलं त्याच्यावर."

"काय सांगितलान त्यानं?"

"दुपारनंतर मळभ."

"मग आलं काय मळभ?"

"आईला फोन करून विचारलं होतं मी. आलं होतं, भाऊ."

"मग झालं तर!" ते लहान मुलासारखे हसले. बंगळूरला आजवर मला सगळ्यांनी किती पैसे बुडाले तेच विचारलं होतं.

मग त्यांनी व्यापाऱ्याच्या मुकादमाला हाक मारली आणि आपल्याच कलमाचे डझनभर आंबे पैसे मोजून माझ्यासाठी घेतले. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून आंजर्लेच सांगते. सांगताना लाज वाटते आणि अभिमानही. लाज मी स्वतः कमावलेली. अभिमान भाऊंनी विकत घेऊन दिलेला.