अठी कायचा बेसॉल्ट

लग्न होऊन भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीला आले तेव्हा माझी पेटी कोशाच्या रेशमी लुगड्यांनी भरलेली होती आणि नवऱ्याच्या घरची फळी दगडांनी. माहेर विणकरांचं. दहावी झाली तशी मीही मागावर बसले होते, त्यामुळं धाग्यातलं मला सगळं कळायचं आणि दगडातलं काहीच नाही. हे शाळेत भूगोल शिकवायचे. लग्नाला जावोत की मयतीला, येताना खिशात एक दगड असायचाच. "हे घर आहे का खदान?" असं मी विचारायची. "खदानच हाये, अन् तू मालकीन," म्हणून हे हसायचे. फळी पुसायचं काम मात्र मालकिणीकडं.

यांचं एक जन्माचं भांडण होतं. पुस्तकात लिहिलेलं असायचं की महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट नावाच्या काळ्या खडकाचा आहे. पोरं त्यातला 'बहुतेक' गिळून टाकायची आणि तुमच्या परिसरातला खडक कोणता म्हटलं की बेसॉल्ट लिहून मोकळी व्हायची. आता तो काळा थर नागपूरच्या आसपासच संपतो. आमच्याकडचा खडक त्याच्याहून कितीतरी जुना आणि वेगळा. पेपर तपासताना हे एरवीची पुस्तकी मराठी सोडून थेट घरच्या बोलीवर यायचे. "अठी कायचा बेसॉल्ट? अठी कायचा?" म्हणजे इथं कसला बेसॉल्ट, असं ओरडायचे, आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अवो, हळू. दगडाले ऐकू जाईन."

निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. पाय हळूहळू आला, हातही थोडा आला. वाचा आली नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत, आणि जे काही परत येईल ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येईल. यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. 'थे.' म्हणजे 'ते'. पाणी पाहिजे, थे. पंखा लाव, थे. मला हाक मारायची, तरी थेच. ज्या माणसाच्या बडबडीनं मी आयुष्यभर वैतागले, त्याच्या तोंडून एक धड वाक्य ऐकायला मी तेव्हा काहीही दिलं असतं.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक मुलगी होती. गुणी पोर, तिचे उपकार मी विसरणार नाही. तिनं चित्रांचे पत्ते दिले. आंबा, चमचा, गाय. रोज दाखवा आणि नाव विचारा, म्हणाली. हे दोन दिवस मुकाट बसले आणि तिसऱ्या दिवशी गाय, चमचा, आंबा सगळं अंगणात भिरकावलं. बरोबरच होतं त्यांचं. ज्यानं शेकडो पोरांना पृथ्वीचं पोट उघडून दाखवलं, त्याला कोणी चमच्याचं नाव विचारतं का? पण तेव्हा मी चिडले. तणतणत आत गेले आणि राग काढायला दगडांची फळी पुसायला घेतली.

पुसता पुसता एक दगड हातात आला. काळे-पांढरे पट्टे असलेला, जाडजूड. यांच्यासमोर नेऊन धरला आणि रागातच म्हटलं, "हा तरी कोनता हाये जी? बेसॉल्टच ना?"

मला खरंच माहीत नव्हतं. काळा दिसला म्हणून बेसॉल्ट म्हटलं, अगदी यांच्या पोरांसारखं. यांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात खुर्चीवर आपटला आणि घशातून काहीतरी खरवडत वर आलं.

"नी... नी... नीस!"

आमच्याकडच्या त्या जुन्या खडकाचं नाव. आणि मग दम लागलेला असतानाच पुढं, "अठी... कायचा..."

मी दगड छातीशी धरून तिथंच खाली बसले आणि रडले. हे माझ्याकडं असे बघत होते, जणू उत्तर चुकलं म्हणून ही रडते आहे.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा भरली. शेजारच्या मुलीचं भूगोलाचं जुनं पुस्तक मागून आणलं. आधी खनिजं, मग खडक, मग माती आणि शेवटी नदी, असा क्रम पुस्तकानंच लावून दिला होता. आमची शाळा उलटी होती, मास्तर बोलायचे नाहीत आणि विद्यार्थीण चुकायची. सरळ विचारलं की यांच्याकडून काही यायचं नाही. चुकीचं बोललं की मात्र आतला मास्तर उठून बसायचा. गारगोटी नखानं कोरता येते म्हटलं की हे डोक्याला हात लावायचे आणि "काच... काच" म्हणत ती काचेवर ओढून दाखवायचे. तुमसरकडच्या खाणीतला जड काळा दगड लोखंडाचा म्हटला की माझी बोटं धरून त्यावर घासायचे, बोटं काळी झाली की म्हणायचे, "मँग... मँगनीज." मग ती काळी बोटं मी साबणानं घासत बसायची आणि मनातून खूष असायची.

पण नीट चुकायचं तर आधी बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. दुपारी हे झोपले की मी पुस्तक उघडायची. ऊन, पाणी आणि झाडांची मुळं खडक कसा फोडतात, त्याची माती कशी होते, सगळं वाचायची आणि मग यांना सर्वांत जास्त झोंबेल अशी चूक शोधून ठेवायची. त्यात मला मजा यायला लागली, हेही सांगून टाकते. धानाच्या बांधीतला चिखल मी इतकी वर्षं पायाखाली तुडवला, पण हा कधीकाळी डोंगर होता असं मनात आलं नव्हतं. शाळा सुटल्यावर इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा शिकत होते, आणि तेही घरबसल्या, मुक्या मास्तरांकडून. त्या आजारपणाचे आभार मानायला जीभ धजत नाही, पण त्या दुपारांचे मानते.

अभ्रकाचा दिवस वाईट गेला होता. तो शब्द काही केल्या येईना. "अ... अ..." करून करून यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मी पुस्तक मिटून टाकलं आणि त्या दिवशी शाळा सोडली. दुसऱ्या दिवशी तोच चकचकीत तुकडा घेतला, त्याचा एक पातळ पापुद्रा सोलला आणि बिनधास्त म्हटलं, "हे त प्लॅस्टिक हाये. पिशवीचं." हे माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिले. मग खुदकन हसले. लकव्यानंतरचं ते पहिलं हसू. आणि हसता हसताच शब्द निसटला, "अभ्रक." माझ्या अडाणीपणाला हसले असं मला वाटलं, आणि असं रोज हसत असतील तर मी जन्मभर अडाणी राहायला तयार होते.

असे शब्द येत गेले. पण सुटे सुटे. नीस, गारगोटी, गाळ, मुरूम. त्यांची माळ काही होईना. दगडांना नावं मिळाली आणि मी मात्र अजून 'थे'च होते. कधी कधी त्या फळीचा मला हेवा वाटायचा. महिने सरत चालले होते, आणि डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते.

पुस्तकाचा शेवटचा धडा नदीचा. ती डोंगरात खणते, वाटेत वाहून नेते आणि म्हातारपणी संथ होऊन गाळ टाकत जाते. धडा वाचून झाला त्याच आठवड्यात भंडाऱ्याला दाखवायला जायचं होतं. दवाखान्याला वेळ होता म्हणून एसटीतून भंडाऱ्याच्या अलीकडं कारध्यालाच उतरलो आणि यांचा हात धरून नदीकाठी नेलं. वैनगंगा समोर होती, पण पुढं धरणाचं पाणी तुंबलेलं, त्यामुळं ती कुठं वाहते तेच कळेना. जलपर्णीसुद्धा जागची हलत नव्हती. चूक करायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी तुमसरच्या दिशेला, म्हणजे नदी जिकडून येते तिकडंच बोट केलं.

"हे पानी तिकडंच जाते ना जी? तुमसरकडं?"

हे चिडले नाहीत. हात आपटला नाही, घशातून काही खरवडलं नाही. बाकावर बसून नदीकडं पाहत राहिले. हेही विसरले की काय? ज्यांनी फळ्यावर ही नदी डोळे मिटून काढली, त्यांना तिची दिशाही आठवू नये? मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे माझ्याकडं वळले. एकेक शब्द चाचपून पुढं ठेवावा तसे बोलले.

"तुले... सारं... येते. जानून... चुकून राहिली तू."

मी यांचा हात घट्ट धरला. नदीकाठी दोन बायका कपडे धूत होत्या, त्या आमच्याकडं पाहून हसल्या. हसू देत म्हटलं. लकव्यानंतर हे पहिल्यांदाच माझ्याशी असं पूर्ण वाक्य बोलले होते, 'थे' नाही, 'तू' म्हणून, 'तुले' म्हणून.

मग मी विचारलं, "कधीपासून मालूम हाये तुमाले?"

यांनी थोडा वेळ शब्द शोधला. मिळाला तसे खुदकन हसले.

"अभ्रक."