डिंक्या भारी की रोडरोलर?

लॉकडाऊनमध्ये कुणी ब्रेड भाजायला शिकलं, कुणी गिटार शिकलं, कुणी नुसतंच वजन वाढवलं. आमच्याकडे किस्से साठले! माणसं घरात कोंडली की काही घडत नाही असं आपल्याला वाटतं. साफ खोटं. बाहेर काही घडायची सोय नसते म्हणून सगळं आतच घडतं, आणि तेही शेजारच्या खोलीतल्या मिटिंगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आम्ही चौघं मेलबर्नला युनिव्हर्सिटीत एकत्र होतो. आता मी आणि किरण मेलबर्नच्याच ट्रुगानिनात, दोन गल्ल्या सोडून राहतो. दोघंही आयटीत. मंदार कॅनबेराला, गुंगालिनमध्ये, सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर. शिल्पा वॉलॉंगॉंगच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स. मंदार मधे एक वर्ष प्रोजेक्टसाठी अमेरिकेला जाऊन आला आणि येताना तिकडच्या फुटबॉलचं वेड घेऊन आला. ते आम्हा तिघांना कधी लागलं, कळलंही नाही. त्याची टेस्ट नव्हती ना!

त्यातही आमचा जीव एकाच जागेवर जडला. टाईट एंड. म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहणारा गडी. त्याने समोरच्या धिप्पाड लोकांना अंगावर घेऊन अडवायचं, आणि मधूनच सटकून जाऊन बॉलही झेलायचा. अर्धा हमाल, अर्धा नर्तक. मग यातला बेस्ट कोण? जो झेलतो तो, की जो अडवतो तो? मंदारच्या हिरोला आम्ही 'डिंक्या' म्हणायचो, कारण बॉल त्याच्या हाताला चिकटायचा. किरणचा हिरो 'रोडरोलर'. तो का, ते सांगायला नको.

या एका प्रश्नावर आम्ही अख्खा लॉकडाऊन काढला.

*

पहिला दणका मला घरातच बसला. आमच्या ग्रुपचं नाव 'टाईट एंड'. खेळ माहीत नसेल तर ते इंग्रजीत चावटच वाटतं. माझ्या बायकोला, अनुजाला, या खेळातलं ओ की ठो माहीत नव्हतं. एकदा ती पोळ्या करत होती आणि माझा फोन ओट्यावर पडला होता. शिल्पाचा मेसेज आला.

"आयुष्यात खूप टाईट एंड बघितले, पण याच्यासारखा नाही!"

खाली लगेच मंदार : "मी तर रोज सकाळी व्हिडिओ लावून बघतो."

अनुजाने शांतपणे पोळी उलटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो व्हिडिओ मलाही दाखव."

मी घाईघाईने दाखवला. एक अवाढव्य माणूस, त्याच्या पाठीला तीन माणसं लोंबकळतायत, आणि तो धावतोय.

"एवढंच?" अनुजा म्हणाली.

तिचा जीव भांड्यात पडला की तिची निराशा झाली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

*

अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ असते. म्हणजे ऐन मॅचच्या वेळी ऑफिस सुरू! पण वर्क फ्रॉम होम होतं. एका स्क्रीनवर काम, दुसऱ्यावर मॅच.

किरणच्या टीमची रोज सकाळी एक छोटी मिटिंग व्हायची. त्यात मॅनेजरबाई प्रत्येकाला एकच ठरलेला प्रश्न विचारायच्या, "एनी ब्लॉकर्स?" म्हणजे, कामात काही अडथळा आहे का?

त्या सोमवारी रोडरोलरचा दिवस खराब चालला होता. समोरचे लोक त्याला बाजूला सारून सरळ आत घुसत होते. किरणचे दोन्ही डोळे तिकडे आणि अर्धा कान मिटिंगला.

"किरण, एनी ब्लॉकर्स?"

"ओन्ली वन ब्लॉकर!" किरण ओरडला. "अँड ही इज टू ओल्ड! जस्ट बेंच हिम!"

बेंच, म्हणजे बाहेर बसवा. त्या टीममध्ये साठीला टेकलेला एकच माणूस होता, ग्रेग. आणि किरणचं काम गेले काही दिवस त्याच्याकडेच अडून होतं!

ग्रेगने सावकाश माईक सुरू केला. "फेअर इनफ, मेट."

पुढच्या महिन्यात ग्रेग रिटायर झाला. निरोपाच्या कॉलवर त्याने किरणचे खास आभार मानले. म्हणाला, गेली दोन वर्षं मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं. आता तो किरणला पकडलेल्या माशांचे फोटो पाठवतो.

*

माझी आई तीन महिन्यांसाठी आली होती आणि सीमा बंद झाल्या. ती इथला दुसरा हिवाळा बघत होती. चिंचवडला तिने आयुष्यभर वधूवर सूचक मंडळ चालवलं. इथे स्थळं नाहीत, मुली नाहीत, बाई नुसती बसून. मग सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसायला लागली.

"हे दर मिनिटाला घोळका करून काय बोलतात रे?"

"पुढे काय करायचं ते ठरवतात."

"मग आधी ठरवून यायला काय होतं?"

मंदारने एकदा व्हिडिओ कॉलवर आईलाच पंच नेमलं. "काकू, तुम्हीच सांगा. डिंक्या भारी की रोडरोलर?"

आईने चष्मा लावला. दोघांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघितले. उंची विचारली, वजन विचारलं, घरी कोण कोण असतं तेही विचारलं. मग निकाल दिला.

"हा तुझा डिंक्या लाडावलेला आहे. सगळे बॉल त्यालाच देतात. आणि झेलला की नाचतो कसा! दुसरा मुलगा गुणी आहे. लोकांसाठी वाट काढून देतो, आणि त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही."

किरण खुर्चीवरून उठून उभा राहिला. "काकू, जिंकलंत! म्हणजे माझावाला पहिला!"

"छे रे," आई म्हणाली. "पसंत डिंक्याच पडणार. तीस वर्षं मी हेच बघतेय."

*

मंदारला हे सगळं शास्त्रशुद्ध करायचं होतं. त्याने एक झकास प्रेझेंटेशन बनवलं. झेलण्याला किती महत्त्व, अडवण्याला किती, दुखापतीतून उठून परत येण्याला किती. रंगीत तक्ते, बाण, सगळं.

आणि खात्याच्या मिटिंगमध्ये चुकून तेच शेअर केलं!

बाहेर गुंगालिनची थंडी, अंगावर ब्लँकेट, डोक्यावर कानटोपी, तरी त्याला घाम फुटला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत : 'आक्रमणक्षमता : डिंक्या अव्वल.' अर्थात इंग्रजीत. साहेब लोक पुढे सरकून वाचायला लागले. मंदार ते बंद करणार, एवढ्यात डायरेक्टरबाई म्हणाल्या, "होल्ड ऑन. व्हाय इज ब्लॉकिंग वेटेड सो लो?"

अडवण्याला इतके कमी गुण का, ते मंदारने गुमान सांगितलं. चर्चा रंगली. मूळ विषय राहून गेला.

आता तो तक्ता त्यांच्याकडे टेंडर निवडायला वापरतात. डिंक्याच्या जागी कंपन्यांची नावं घालतात, बस्स!

*

मेलबर्नमध्ये तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या आत, मास्क लावून, एका माणसाबरोबर व्यायाम करायची मुभा होती. किरण म्हणाला, अडवणं किती कठीण असतं ते तुला प्रत्यक्ष दाखवतो. आम्ही घरामागच्या पार्कात गेलो. मी पळायचं, त्याने अडवायचं. पण अंतर राखून! मी डावीकडे गेलो की तो लांबूनच हात पसरून डावीकडे. मी उजवीकडे, की तोही उजवीकडे. एखादं भरकटलेलं माकड अंगणातून हाकलावं तसं दृश्य.

पोलिसांची गाडी थांबली. एक ऑफिसरबाई उतरल्या.

"व्हॉट्स गोइंग ऑन, जेंटलमेन?"

"एक्सरसाइज, ऑफिसर. ही इज ब्लॉकिंग मी."

"फ्रॉम ओव्हर देअर?"

"सोशल डिस्टन्सिंग, ऑफिसर," किरण नम्रपणे म्हणाला.

बाईंनी आम्हाला आणखी एकदा करून दाखवायला सांगितलं. मी पळालो. किरणने हात पसरले. मी आरामात पलीकडे पोचलो.

"वेल," बाई म्हणाल्या, "इट्स नॉट वर्किंग." आणि गेल्या.

मी हे ग्रुपवर टाकल्याबरोबर मंदारचं उत्तर : "बघा! ब्लॉकिंगने काही होत नाही हे आता पोलिसांनीही सांगितलं!"

*

आता शिल्पा ठणठणीत आहे, म्हणून हे हसत सांगता येतं.

सीझनच्या मध्यावर मंदारने नवं रँकिंग टाकलं. त्यात रोडरोलर सातवा! किरणने एकच शब्द लिहिला, तो इथे छापता येणार नाही, आणि ग्रुप सोडला. आधी आम्हाला गंमत वाटली. पण आठवडे गेले, तरी दोघं बोलेनात. वर्षानुवर्षांची मैत्री, आणि अडली कुठे, तर सातव्या नंबरावर.

तेवढ्यात शिल्पाला कोविड झाला. वॉर्डात ड्युटी करताकरताच. ती तिच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटी, आणि राज्यांच्या सीमा बंद, त्यामुळे आम्ही कुणीच जाऊ शकत नव्हतो. मी फोन केला.

"कशी आहेस गं?"

"अव्या, हे नको विचारूस," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "आई विचारते आणि रडते. हॉस्पिटलवाले विचारतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. मला त्या दोन गाढवांचं भांडण ऐकायचंय."

मी किरणला गाठलं. "मला मंद्याशी बोलायचं नाहीये," तो म्हणाला.

"बोलू नकोस. भांड."

त्या दिवसापासून रोज आर्व्होला, म्हणजे दुपारी, कामं उरकली की, व्हिडिओ कॉल. शिल्पाचा फोन उशीशेजारी पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, बोटाला ऑक्सिमीटर. तिला काही विचारायचं नाही, हा नियम. मंदार डिंक्याची बाजू मांडायचा, किरण ती उडवून लावायचा. मधेच तिला खोकल्याची उबळ आली की दोघं एकदम थांबायचे. मग ती नुसता हात हलवायची. चालू द्या.

एका दुपारी तिचा ताप जास्त होता. मंदार ऐन रंगात आला होता आणि अचानक थांबला.

"झोपली वाटतं."

"कट करायचा कॉल?" मी विचारलं.

"नको," किरण म्हणाला. "जाग आली तर?"

मग दोघं कुजबुजत भांडायला लागले. चाळिशीला आलेले दोन बाप्ये, दबक्या आवाजात एकमेकांना शिव्या देतायत! मधेमधे शिल्पाचा श्वास ऐकू येत होता. जरा खरखरता, पण एका लयीत. किरणने रोडरोलरची कुठलीशी जुनी मॅच काढली. त्याने पूर्ण मॅचमध्ये एकही बॉल झेलला नव्हता. कसा खाली पडत होता, कसा उठत होता, हे किरण सांगत राहिला. मंदार कानटोपी पुढे ओढून नुसता स्क्रीनकडे बघत होता.

मग म्हणाला, "बरं. तुझावाला पहिला."

"काय? परत बोल."

"हळू! झोपलीये ती."

"परत बोल म्हटलं ना."

"रोडरोलर पहिला. झालं समाधान? पण हे इथेच राहील. उद्या विचारलंस तर मी असं काही बोललेलोच नाही."

वॉलॉंगॉंगच्या चौकोनातून, डोळे मिटलेलेच, घोगरा आवाज आला.

"मी ऐकलंय."