चिनीमातीचे कान

चिखलीला आमच्या मागच्या खोलीत एक भट्टी होती. ती कशासाठी, असं कुणी विचारलं की मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायची. घरमालकाला सांगितलं होतं, कॉलेजचं सामान आहे. शेजारणीचा समज होता की मी त्यात काच वितळवते, आणि तो मी मोडला नाही. खरं उत्तर द्यायची सोयच नव्हती. सूर्याच्या पोटात हायड्रोजन पेटतो तसा तो जमिनीवर पेटवायच्या खटपटीला परदेशातले काही लोक लागले होते. तसं यंत्र कधी उभं राहिलंच, तर त्यात वीज अडवायला चिनीमातीच्या जातीची वस्तू लागणार होती. ती वस्तू तापल्यावर वीज अडवते की सोडते, हे मी चिखलीत बसून मोजत होते. एवढं कुणापुढे बोलले असते तर मला सरळ वेड्यात काढलं असतं.

महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. खेड्यांकडे विजेचे खांब सरकत होते, तालुक्याच्या गावांत कॉलेजं निघत होती, आणि तशाच एका नव्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा टायफॉइडने गेला होता. माहेर मलकापूरचं, वडिलांचा सरकीचा व्यापार. त्यांनी परत बोलावलं होतं, पण मी गेले नाही. नोकरी चिखलीत होती आणि सासूही चिखलीत होती. दोन्हींपैकी मला कोणी जास्त धरून ठेवलं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना तो एकच मुलगा. तो गेल्यावर नातेवाइकांना वाटलं होतं, ही दोन बायकांची मोट चार महिन्यांत सुटणार. सुटली नाही. आम्ही फार बोलत नसू, भांडतही नसू. सकाळी त्या भाकरी टाकायच्या, मी पाणी भरायची, आणि घर चालायचं.

भट्टी आली ती नागपूरच्या सरांमुळे. एम.एस्सी.ला ते मला शिकवायला होते. त्यांच्याकडे पुढच्या कामासाठी एकच जागा होती, विद्यावृत्तीसकट, आणि उमेदवार आम्ही दोघं-तिघं. सरांनी प्रत्येकाला थोडं थोडं काम वाटून दिलं. मला ॲल्युमिनाच्या, म्हणजे भाजलेल्या पांढऱ्या मातीच्या, चकत्या दिल्या, मोठ्या रुपयाएवढ्या. दिवाळीची सुट्टी लागली की आलेख घेऊन या, ज्याचे आकडे विश्वासाचे असतील त्याला जागा, असं त्यांचं साधं बोलणं होतं. मला ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे इतकी, की दुसरं काही हवं असल्याचं त्या काळातलं मला आठवत नाही. चिखलीत मी शिकवत असले तरी लोकांच्या लेखी मी 'बिचारी' होते, आणि त्या शब्दाचा मला मनापासून वीट आला होता.

काम समजायला अवघड नाही. सूर्याइतका तापलेला वायू ज्या भांड्यात फिरवायचा ते धातूचं आणि कड्यासारखं गोल. पण कडं सलग ठेवलं तर वीज वायूतून न जाता त्या धातूतूनच फिरून येते. म्हणून कड्यात एक खंड लागतो, आणि तो खंड भरायला वीज न नेणारं काहीतरी लागतं. काच टिकत नाही, लाकडाचं तर नावच नको. उरते भाजलेली माती. आता अडचण अशी, की लोखंड-तांबं तापलं की वीज जरा कमीच वाहून नेतं, आणि या मातीचं नेमकं उलट. थंड असताना ती विजेला दाद देत नाही, तापत गेली की हळूहळू वाट देते. किती तापल्यावर किती वाट देते, तेवढं मला मोजायचं होतं. किरणांच्या माऱ्यात तिचं काय होईल, हा याहून मोठा प्रश्न होता, पण तो नागपूरलाही सोडवता येण्यासारखा नव्हता. माझ्या वाट्याला फक्त उष्णता आली.

कॉलेजची प्रयोगशाळा पाचला बंद व्हायची आणि भट्टी तर सावकाश निववावी लागते, म्हणून प्राचार्यांच्या परवानगीने सगळं सामान घरी आणलं. विटकरी मातीची नळी, तिच्यावर गुंडाळलेली तार, आत चकती. चकतीच्या दोन्ही अंगांना टेकलेल्या तारा भट्टीबाहेर येऊन एका लाकडी फळीवर बसवलेल्या चिनीमातीच्या दोन जाड बोंडांवर बांधलेल्या. बोंडं मलकापूरच्या एका रेडिओवाल्याकडून आणलेली. तिथून पुढे एका अंगाला मोठ्या रेडिओची बॅटरी आणि दुसऱ्या अंगाला आरशाचा गॅल्व्हानोमीटर. वीज गेली की आरसा किंचित वळायचा आणि उजेडाचा ठिपका समोरच्या पट्टीवर सरकायचा. खिडकीला गोधडी लावली की ठिपका दिवसाही दिसायचा.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "काय व, हे काय करून राह्यली?"

"चकती तापवून राह्यली, आत्याबाई. तिच्यातून करंट जाते का ते पाहाचं आहे."

"आन नाही गेला तं?"

"तं चांगलं."

"म्हंजे काईच नाही झालं की तू खुश. असं काम नाही पाह्यलं बा म्या." मग त्यांनी फळीवरच्या बोंडांकडे बोट दाखवलं. "आन हे कान कायचे?"

त्या दिवसापासून बोंडांना कान हेच नाव पडलं. मीही तेच म्हणू लागले. त्यांनी आणखी एक विचारलं, की ह्याच्यानं तुले नागपूरले जागा भेटन ना? मी हो म्हटलं. जागा मिळाली तर मी जाणार आणि त्या मागे एकट्या राहणार, हे उघड होतं, कारण लेकाचं घर सोडून त्या कुठेही यायच्या नव्हत्या. "हे तुह्य हत्यारच झालं मंग," एवढं म्हणून चुलीकडे गेल्या.

सप्टेंबरभर काम सुरेख चाललं. भट्टी थंड असताना ठिपका शून्यावर ठाण मांडून बसायचा. तापत गेली की सरकायला लागायचा, आणि आलेखाच्या कागदावर टिंबं एका ओळीत यायची. मी मनातल्या मनात नागपूरला खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

मग दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. जिनिंगमधल्या यंत्रांना, सुताराच्या पटाशीला, एस.टी.च्या गाड्यांना झेंडू आणि कुंकू. आमच्या घरात पूजा नव्हती. करायला पुरुष नव्हता आणि कुंकवाला हात लावायला सवाष्ण नव्हती. दिवाळीत लक्ष्मीला कुंकू लावायलासुद्धा शेजारीण यायची. कॉलेजात यंत्रांची पूजा होती, तिकडे मी तोंड दाखवून आले. शिपायाने आधी यंत्रांना कुंकू लावलं, मग ताट बायकांपुढे धरलं, आणि माझ्यापाशी ते आपोआप पुढे सरकलं. त्यात त्याची काही चूक नव्हती. मला राग आला, तो मात्र आलाच.

दसऱ्यानंतर भट्टीने माझं डोकं फिरवलं. सकाळी उठून बॅटरी जोडावी तर ठिपका निघाला फिरायला. भट्टी गार, चकती गार, तरी वीज जातेय. मी चकती बदलली. तरी तेच. दुसरी चकती घासून, धुऊन, भाजून घेतली. तरी तेच. तारा बदलल्या, बॅटरी बदलली, गॅल्व्हानोमीटर कॉलेजात नेऊन तपासला. तो बिचारा निर्दोष होता. दिवाळी जवळ येत होती आणि माझ्या आलेखावर टिंबं मूठभर ज्वारी फेकावी तशी पडत होती. असे आकडे सरांपुढे ठेवले असते तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं. मला जेवण जाईना. आत्याबाई ताट पुढे करून बसायच्या.

शेवटी एक गोष्ट ध्यानात आली. हा तमाशा सकाळचाच होता. दुपारी फळी टेकवलेल्या भिंतीवर पत्र्याच्या फटीतून ऊन यायचं, खोली तापायची, आणि ठिपका गुपचूप शून्यावर जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाहेर दहिवर पडलेलं असताना, पुन्हा फिरायला निघायचा. म्हणजे दोष चकतीच्या पोटात नव्हताच. पोटातला असता तर त्याला बाहेरच्या ओलीशी काय देणंघेणं? वीज आतून जात नव्हती, कुठेतरी वरून, अंगावरून सरपटत जात होती. आणि अंग ओलं व्हायला थंड हवं. बाकी सगळं बदलून झालं होतं; हात न लावलेली जागा एकच उरली होती, ते कान.

मी फळी भिंतीपासून ओढली आणि उलटी फिरवली. दोन्ही कानांच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसू नये अशा जागी, हळदीचं एकेक बोट होतं आणि त्यावर कुंकू. पाण्यात कालवून लावलेलं, वाळलेलं, आणि ओघळ कानावरून खाली फळीपर्यंत आलेले. आता हळदीचं कुंकू म्हणजे ती लाल करायला घातलेला खार आलाच, आणि खार हवेतली ओल ओढून घेतो. सकाळच्या दमट हवेत माझ्या दोन कानांमध्ये एक ओला रस्ता तयार होत होता, आणि वीज चकती सोडून त्या रस्त्याने निवांत पलीकडे जात होती.

आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी फळी तशीच त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.

"हे कोणं केलं?"

त्यांनी फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "खंडेनवमी होती," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाच्या हत्याराले कुंकू, तुह्याच हत्याराले काऊन नाही?"

"ह्याच्यानं माह्ये आठ-दहा दिवस गेले, आत्याबाई! सारे आकडे खराब झाले!" माझा आवाज चढला होता, आणि त्या भरात मनात घोळत होतं ते तोंडातून निघून गेलं. "मी नागपूरले जाऊ नये असंच वाटते ना तुम्हाले?"

सुपातला हात थांबला. "जाऊ नये असं वाटलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या, "तं पूजा कायले केली असती?"

त्याच पुढे म्हणाल्या, "कोणाच्या कपाळाले लावाचा मले हक नाही. म्हटलं, यंत्राले काय समजते, कोणाचा हात आहे ते. म्हनून मांगच्या अंगाले लावलं. कोणाले दिसलं नाही पायजे."

त्यांनी कुंकू कुठून आणलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. ट्रंकेच्या तळाशी माझाच करंडा होता, आणि तो त्यांनीच ठेवला होता.

माझा राग उतरला, पण हट्ट नाही उतरला. मी स्पिरिटची बाटली आणि फडकं आणलं आणि फडकं त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही लावलं, तं तुम्हीच पुसा," असं म्हटलं, जरा चेष्टेनेच म्हटलं, कारण वातावरण सैल व्हावं असं वाटत होतं.

त्यांनी फडकं हातात घेतलंच नाही. त्या उठून दोन पावलं मागे सरकल्या. आणि आत्याबाईंचे डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा भरलेले पाहिले. मुलगा गेला तेव्हाही त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या.

"म्या नाही पुसत," त्या म्हणाल्या. "एक बार पुसलं तुह्य. आता नाही."

तो दिवस आम्ही दोघींनी कधी तोंडावर आणला नव्हता. बायका जमल्या होत्या, कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि ते सासूने करायचं अशी रीत होती. ओल्या पदराने त्यांनी माझं कपाळ पुसलं होतं. मला त्यांचा हात आठवत होता, तो कापत नव्हता हेही आठवत होतं, आणि त्यासाठी मी त्यांना इतकी वर्षं मनातून माफ केलं नव्हतं. हे मला तिथे उभं असताना पहिल्यांदा कळलं. मी फडकं घेतलं आणि मागच्या खोलीत जाऊन दोन्ही कान स्वतः पुसले. लाल रंग फडक्याला लागत गेला. मग साध्या पाण्याने, मग पुन्हा स्पिरिटने पुसून फळी उन्हात वाळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाहेर चांगलं दहिवर असताना, बॅटरी जोडली. ठिपका शून्यावरून तसूभर हलला नाही. मी बराच वेळ बघत बसले. मग भट्टी पेटवली, आणि सुट्टी लागेपर्यंत सगळे आकडे पहिल्यापासून पुन्हा घेतले. टिंबं ओळीत आली. नागपूरला सरांनी आलेख उजेडाकडे धरून पाहिला, एक-दोन उलटतपासणीचे प्रश्न विचारले आणि कधी रुजू होता, असं विचारलं.

मी संध्याकाळच्या एस.टी.ने चिखलीला परत आले. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"जमलं?"

"जमलं, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. पदर सावरला, उठल्या, आत गेल्या. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मग आतूनच म्हणाल्या, "ह्या पेटीचा कोयंडा चांगला आहे, पन कुलूप नाही. उद्या बजारातून एक घ्या लागन."