नवसाबाईनं मागितलेले पंधरा दिवस

नवसाबाई माझी पाठची बहीण. सख्खी, एका आईची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून निम्मे लोक म्हणतील, भाऊ हाय म्हणून वाढवून सांगतोय. वाढवून सांगायची मला खोड हाय, ती सगळ्या शिवाराला ठाऊक हाय. पण ह्या गोष्टीत वाढवायला जागाच नाय. ह्यात सावळीराम म्हणून तिचा थोरला भाऊ येतो, तो मीच. पण गोष्ट तिची हाय, तवा मी मला बी चार माणसांसारखं बाजूला उभं करतो.

आज जिथं नाशकातल्या इंदिरानगरातली घरं दिसतात, तिथून पाथर्डीकडं तवा नुसती मेथी, कोथिंबीर नि झेंडू. त्यातच धोंडीरामाचं दोन एकर रान. धोंडीराम भाजीवाला खरा, पण लोक त्याला ओळखायचे ते हाडं बसवणारा म्हणून. ही विद्या थोरल्याला द्यायची म्हणून त्यानं आधी सावळीरामाला हाताशी धरलं. सहा महिन्यांनी म्हणाला, "ह्याचं तोंड लय चालतं, बोटं मुकी हायत."

मग नऊ वर्षांच्या नवसाला अंधाऱ्या गोठ्यात नेलं. "ह्या सात शेळ्यांत एकीचा पाय कधीकाळी मोडलेला हाय. हात फिरव नि सांग कंची."

नवसानं साती शेळ्यांच्या पायांवरून हात फिरवला. म्हणाली, "दोघींचा मोडलाय."

बापाला एकच ठाऊक होती. दुसरी बाजारातून घेतलेली. पुढच्या बाजारी विकणाऱ्याला विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "करडू असताना खड्ड्यात पडली होती." त्या दिवसापासून विद्या नवसाची.

लग्न शिवारातच झालं, कारभारीशी. बांधाला बांध. कारभारी गरीब माणूस, बायकोच्या नावानं लोक ओळखतात ह्याचं त्याला सुखच वाटायचं. देवळाली कॅम्पातले जवान तिच्याकडं यायचे, इगतपुरीहून रेल्वेवाले यायचे. ती घ्यायची एक नारळ, तो बी हाड जुळल्यावर. आणि तिचा एक नेम होता. पट्टी बांधतानाच सांगायची, अमक्या दिवशी सोडीन. त्या दिवशी माणूस उभा राहायचाच. एक दिवस इकडं नाय, एक दिवस तिकडं नाय. लोक तिच्या हातापेक्षा तिच्या दिवसांवर जास्त भरवसा ठेवायचे.

एकोणऐंशी सालचा शिमगा जवळ आला होता. पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवरून एक गोरी बाई घसरली. पन्नाशीची, चांगली थोराड. वही घेऊन रोज लेणी उतरवून काढायला यायची. पायथ्याशी शिवारातला लहानू शेळ्या राखत होता. त्यानं नि आणखी तिघांनी तिला घोंगडीत घालून खाली आणलं, आणि जवळचं घर म्हणून थेट नवसाबाईच्या अंगणात ठेवलं.

नवसाबाईनं नडगीवरून बोटं फिरवली. बाई ओठ चावून गप पडलेली. तिचं बोलणं समजायला खंडेरावांना बोलावलं. खंडेराव देवळाली कॅम्पात नोकरी करून पेन्शनीत निघालेले, इंग्रजी फाडफाड.

"बाईचं नाव इंगे. डेन्मार्कची हाय. शाळेत शिकवते," खंडेराव म्हणाले.

"हा देश कुठं आला?"

"लांब. दुधाचा देश."

नवसाबाईनं हाड ओढून जागेवर बसवलं, अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं, वरून बांबूच्या कांबट्या बांधल्या. मग म्हणाली, "हिला सांगा, पंचेचाळीस दिवस. तोवर हा पाय जमिनीला लागायचा नाय, मोटारीचा हिसका बसायचा नाय. मधी हलली तर जन्माची लंगडी."

हे सांगितल्यावर इंगेबाई पहिल्यांदा रडली. पायासाठी नाय. तिनं पिशवीतून पासपोर्ट काढला. फिरायला आलेल्या माणसाला सरकारनं दिलेली मुदत त्यात शिक्का मारून लिहिलेली होती. बारा दिवस उरले होते. त्यानंतर एक दिवस जरी राहिली तरी गुन्हा, आणि पुन्हा ह्या देशात पाऊल टाकता येईल की नाय, देव जाणे.

"मुदत वाढवून मिळते," खंडेराव म्हणाले. "नाशकात त्याचं टेबल हाय. कारण खरं असलं पायजे."

इंगेबाई ओसरीवर बाजेवर पडून राहिली. तिच्या वजनानं बाजेची दोरी दोनदा आवळावी लागली. पडल्या पडल्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला शिकली. चहा दिला तर म्हणायची, दूध नको. कारभारी म्हणाला, "दुधाच्या देशातली माणसं अशी कशी?" नवसाबाई म्हणाली, "पिऊन पिऊन विटली असंल."

कॅम्पातले डॉक्टर येऊन पाय बघून गेले. त्यांनी दाखला लिहिला, हाड जुळेपर्यंत प्रवास करू नये. पट्टीला हात लावला नाय. म्हणाले, "बाईंनी बांधलंय, मी कशाला सोडू?"

दाखला, अर्ज नि पासपोर्ट घेऊन सावळीराम नि खंडेराव नाशकात गेले. सावळीराम सातवी शिकलेला, म्हणून बोलायचं काम त्यानं आपल्याकडं घेतलं. कचेरीत, चौदा पायऱ्या चढून गेल्यावर कोपऱ्यात ते टेबल. तिथल्या साहेबांनी सगळं वाचलं. माणूस बरा होता.

"दाखल्यावर दिवस लिहिलेले नाहीत. किती दिवस वाढवून हवेत?"

खंडेराव तोंड उघडणार, तेवढ्यात सावळीराम पुढं झाला. भिंतीला लागून दहा-बारा माणसं बाकावर बसलेली, सगळी ऐकत होती.

"साहेब, दुसऱ्या कुणाकडं गेलात तर पंचेचाळीस. पण ही माझी बहीण हाय. तिच्या हाताखालचं हाड तीस दिवसांत जुळतं."

"बांधल्यापासून तीस?"

"तीस. लिहा तुम्ही."

साहेबांनी लिहिलं. आतून सही झाली, पासपोर्टवर शिक्का बसला. वाटेत खंडेरावांनी तो शिक्का दोनदा उघडून बघितला.

नवसाबाई मेथी उपटत होती. सावळीरामानं बांधावरूनच सगळं सांगितलं, कसं बोललो, साहेब कसे बघत राहिले. तिनं हातातली जुडी बांधून पुरी केली.

"दादा, तीस तुला कुणी सांगितलं? हाडानं?"

"आगं, तुझं नाव झालं तिथं. दहा माणसांनी ऐकलं."

"दहा माणसांनी ऐकलं. हाडानं नाय ऐकलं."

तवा कुठं सावळीरामाच्या ध्यानात आलं काय झालंय ते. तीस दिवस संपले की इंगेबाईला देश सोडायचा. कच्च्या हाडावर एसटी, मग विमान.

शेजारची भागुबाई, झेंडू विकणारी, मधी पडली. "एवढं काय त्यात? तिसाव्या दिवशी पट्टी सोड, घाल मोटारीत. तिच्या गावात जाऊन लंगडली तर तुझ्या नावानं कोण बोंब मारतंय?"

"तुला दिसायची नाय ती लंगडताना," नवसाबाई म्हणाली. "मला आत्तापासून दिसतीय."

दुसऱ्या दिवशी सावळीराम पाण्याच्या पाळीवर होता. नवसाबाई त्याला काय न सांगता खंडेरावांना घेऊन नाशकात गेली. डोक्यावर पदर, पायात कारभारीच्या चपला, कारण तिच्या तुटलेल्या. चौदा पायऱ्या चढून टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, तीस नाय, पंचेचाळीस पायजेत. पंधरा कमी पडले."

साहेबांनी फाइल काढली. "बाई, सही झालीय. आकडा बदलायचा तर कारण लागतं. काल तीस म्हणाले, आज पंचेचाळीस. माझ्यावरचे विचारतील, पहिली माहिती खोटी होती का? ती दिली सावळीराम धोंडीराम यांनी. खोटी ठरली तर त्यांच्यावर येईल, आणि या बाईंची मुदतसुद्धा अडकेल."

खंडेराव खाली बघायला लागले. नवसाबाईनं आपली बोटं पदरात घेतली. तिला दोन गोष्टी एकदम दिसल्या. भावानं खोटं सांगितलं म्हणावं, तर भाऊ अडकतो. काहीच म्हणू नये, तर पाय जातो. तिसरी वाट एकच होती, आणि त्या वाटेवर तिचं स्वतःचं नाव आडवं पडलं होतं.

"आकडा माझा होता," ती म्हणाली. "दादानं नुसता आणून दिला. दिवस सांगायला मी चुकले."

"तसं लिहून द्याल?"

"खंडेराव लिहितील. सही माझी."

खंडेरावांनी लिहिलं: हाड जुळायचे दिवस सांगण्यात माझ्याकडून चूक झाली, तीसऐवजी पंचेचाळीस दिवस लागतील. साहेबांनी ते सगळ्यांच्या देखत मोठ्यानं वाचून दाखवलं, तसाच नियम असावा. ज्या बाईनं जन्मात एक दिवस चुकवला नव्हता, तिनं त्याच्याखाली एकेक अक्षर जोडत सही केली.

"आता याच्यापुढं एक दिवसही मिळणार नाही," साहेब म्हणाले. "शेवटच्या दिवशी बाईंनी स्वतः इथं येऊन नोंद करायची."

"येईल. चालत येईल."

बाहेर आल्यावर नवसाबाईनं खंडेरावांना एवढंच सांगितलं, "दादाला बोलू नका. त्याला वाटतंय, माझं नाव केलं त्यानं. वाटू द्या."

घरी येऊन म्हणाली, "साहेब भले होते, दिले पंधरा." सावळीरामानं बाजारात सांगितलं, सरकारनं माझ्या शब्दावर आणखी पंधरा दिवस दिले.

पण त्या कचेरीतला एक शिपाई शेजारच्या गावचा. आठ दिवसांत गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, भाजीबाजारात बोलणं सुरू झालं. नवसाबाईचे दिवस चुकायला लागले. सरकारला लिहून दिलंय म्हणं, चुकले म्हणून.

भागुबाईनं तिला तोंडावर विचारलं, "काय गं, हात गेला म्हणतात तुझा?"

"हे काय, मनगटाला लावलेला हाय की," नवसाबाई म्हणाली आणि मेथीवर पाणी शिंपडत राहिली.

सावळीराम मात्र चिडून दोघांच्या अंगावर धावून गेला. त्याला वाटायचं, कुणीतरी जळतंय म्हणून उठवलंय. घरी येऊन तो बोलायचा नि नवसाबाई ऐकून घ्यायची. इगतपुरीचा रेल्वेवाला यायचा होता, तो आला नाय. कॅम्पातला एक जवान दुसरीकडं गेला. एका दिवशी पलीकडच्या मळ्यातली बाई पोराचं मनगट धरून बांधापर्यंत आली, तिथं कुणाशी तरी बोलली आणि माघारी वळली. नवसाबाई ओसरीतून बघत होती. त्या दिवशी ती जेवली नाय. पोराचा हात कसा लोंबत होता ते आठवून एवढंच बोलली, "अंगठ्याकडनं सरकलंय. नुसतं ओढलं असतं तर बसलं असतं."

इंगेबाईचं मन तिसाव्या दिवशी चुळबुळलं. पाय दुखायचा थांबला होता. खंडेरावांना म्हणाली, आता उभी राहून बघू का? नवसाबाईनं कांबट्यांच्या फटीतून बोट घातलं नि हाडावर ठेवलं. "हिला सांगा, ओल्या मातीची भिंत हाय ही. दिसायला भिंतच. टेकलीस तर पडशील."

ऊन तापलं. गहू निघाले. चव्वेचाळीस दिवस भरले. पंचेचाळिसाव्या सकाळी नवसाबाईनं कांबट्या सोडल्या. पाय वाळलेल्या शेंगेसारखा बारीक झालेला, पण नडगी सरळ. इंगेबाईला उठवलं. ती दोन पावलं चालली, मग अंगणभर चालली, मग शेजारच्यांना दाखवायला बांधापर्यंत चालली. नवसाबाई तिच्या मागनं, डोळा टाचेवर.

त्याच दिवशी नोंद करायची होती. खंडेराव, सावळीराम, नवसाबाई आणि इंगेबाई असे चौघं कचेरीत गेले. चौदा पायऱ्या इंगेबाई कठडा न धरता चढली. साहेब उभे राहून बघत होते. फाइल काढून त्यांनी नोंद केली आणि वर बघितलं.

"बाई, पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीसच. इतका अचूक दिवस सांगणाऱ्या तुम्ही, मग आधीचे तीस दिवस तुमचीच चूक म्हणून का लिहून दिलंत?"

सावळीराम पुढं वाकला. कागद उलटा होता, तरी सही त्याला ओळखू आली. त्या सहीत 'सा'चा काना नेहमी लांब यायचा, लहानपणी त्यानंच शिकवलेला.

"कंच्या दिवशी?" तो म्हणाला.

"चल दादा," नवसाबाई म्हणाली. "तिची मोटार जाईल."

स्टँडवर इंगेबाईनं पिशवीतून नारळ काढून नवसाबाईच्या ओटीत घातला. तिला नारळाचं कुणी सांगितलं, ते कुणी विचारलं नाय. ती मुंबईच्या गाडीत चढली. घरापर्यंतच्या वाटेत सावळीराम एक अक्षर बोलला नाय. त्याच्या गप बसण्यानं नवसाबाईला धास्ती वाटली, कारण जन्मात तिनं ते ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेवर बाजार भरला होता. नवसाबाई टोपल्या उतरवून घेत होती, तेवढ्यात सावळीराम बैलगाडीवर चढून उभा राहिला. बाजारातला निम्मा गलका आपोआप थांबला. लोकांना वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

"तीस दिवस मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "हिनं बांधतानाच पंचेचाळीस सांगितले होते, खंडेरावांना विचारा. कचेरीत दहा माणसं बघून मी तीस ठोकले. मला झळ बसू नये म्हणून हिनं माझी चूक आपल्या नावावर लिहून दिली. बाई काल पंचेचाळिसाव्या दिवशी चौदा पायऱ्या चढली. हिचा एक दिवस बी कधी चुकला नाय. चुकलं ते माझं तोंड."

मग भागुबाई झेंडूच्या ढिगामागून म्हणाली, "मग इतके दिवस कुठं होतास?"

"कालच कळलं."

"दादा," नवसाबाई म्हणाली, वर न बघता, "उतर खाली. मेथी सुकतीय."

सावळीराम उतरला. एक टोपली डोक्यावर घेऊन त्यानं तिच्यासमोर ठेवली. पण पलीकडच्या रांगेतल्या लोकांना नीट ऐकू गेलं नव्हतं. म्हणून तो तिकडं गेला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.