बारकीच्या राशीवरच्या ओंजळी

माझं काम सांगायला सोपं आणि करायला वैताग आहे. शहापूरच्या एका छोट्या उत्पादक कंपनीसाठी मी पाड्यापाड्यांवर फिरतो, सेंद्रिय भाताच्या वह्या भरून घेतो आणि दाण्यांचे नमुने तपासणीला पाठवतो. ज्यांनी जन्मात औषधाची बाटली विकत घेतली नाही त्यांच्याकडून बावीस पानांवर लिहून घ्यायचं, की आम्ही औषध मारत नाही. जो मारतो त्याला मात्र कोणी एका ओळीचाही जाब विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. सापगावातल्या माझ्या घरी या वह्यांचा ढीग बघून बायको म्हणते, भात कमी आणि कागद जास्त पिकतो तुमचा.

म्हशाच्या पुढे डोंगराला लागून खांडीचा पाडा आहे, अठरा घरांचा. तिथली बारकी म्हणजे माझ्या यादीतलं पहिलं नाव. वय पंचावन्नच्या आसपास, चण नावासारखीच. बोलणं मोजकं. तिच्या शेतावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने मला बांधावरच अडवलं आणि ओहळात पाय धुऊन यायला सांगितलं. मी धुतले. मग म्हणाली, चपला पण. मी येताना कुणाच्या फवारलेल्या शेतातून आलो होतो हे तिने लांबून पाहिलं होतं. आमच्या कार्यालयाच्या बावीस पानांत चपलांचा नियम नव्हता.

त्याला कारण होतं. तिचा नवरा लखमा मुरबाडकडे एका फार्महाऊसच्या आंब्यांवर फवारणीला जायचा. पंप पाठीला, तोंडाला काही नाही. एका दुपारी तो घरी आला तो तिला ओळखेना. तोंडाला फेस, आणि हात असे थरथरत होते की पाण्याचा तांब्या धरवेना. तीन दिवस ते हात थांबले नाहीत, आणि तिसऱ्या संध्याकाळी थांबले ते कायमचे. बारकीने त्याचा सदरा धुतला आणि पाणी बांधाला ओतलं. दुसऱ्या दिवशी त्या बांधातले खेकडे बाहेर येऊन उताणे पडले होते. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती भाताच्या पेंढ्या बांधत होती, आणि हात न थांबवता म्हणाली, “तवापासून ते माझ्या घरात येत नाय. येनार बी नाय.”

नऊ वर्षं आलं नाही. तिच्या घरात डासांची अगरबत्तीसुद्धा पेटली नाही. तिचा लाल भात मुंबईतली माणसं नाव घेऊन मागायची, आणि तिच्या भरवशावर आजूबाजूच्या पाड्यांवरच्या आणखी अकरा बायका आमच्या गटात आल्या. गटाचा नियम कडक. एकीचा नमुना नापास झाला तर तिचा माल त्या वर्षी बाद. तीच पुढच्या वर्षी पुन्हा नापास झाली तर बाराही जणींची प्रमाणपत्रं जाणार. बारकीकडून धोका होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एरवी मी गोण्या भरल्यावर नमुना घ्यायचो, पण त्या वर्षी रास लागली त्याच दिवशी घ्यायचा असं वरून आलं होतं. मी भर दुपारी खळ्यावर पोचलो. झोडणी आटोपून भाताची रास लागली होती, वर हळदकुंकू वाहिलं होतं. सगळा पाडा खळ्याच्या कडेला उभा होता, पण आवाज कसलाच नाही. पोरं गप्प, कुत्रं गप्प. सूर्य अगदी डोक्यावर, कुणाची सावली पायाखालून बाहेर येत नव्हती. मग एकेक जण निघाला. डोक्यावरून पंचा किंवा पदर पार नाकापर्यंत ओढलेला, दोन्ही हातांच्या ओंजळीत भात. रास गाठायची, ओंजळ वर सोडायची, आणि न वळता पाठमोऱ्या पावलांनी मागे जायचं. त्यांत लखमाचा भाऊ विठू होता. मळणीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची करंगळी गेली आहे, म्हणून पंच्यातूनही मी त्याला ओळखला. “काय विठूदादा,” मी सवयीने म्हणालो. तो थांबला नाही. अठरा घरांतल्या कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

सगळं झाल्यावर बारकीने मला बाजूला घेतलं. “त्या टायमाला नाव नाय घ्यायचं, दादा. तवा विठू येत नाय. त्याच्या घरातलं गेलेलं माणूस येतं.”

“म्हणजे?”

“जुनं दाणं नव्याला भेटवायला येतात. ज्या घरातलं शेवटचं कोण गेलं, तेच येतं. हात तेवढं आपलं. ओंजळ तेंची.” घरच्या कणगीतलं गेल्या वर्षीचं भात आणायचं, नवं चालत नाही. आणि घराबाहेर काढलेली ओंजळ परत घरात न्यायची नाही. एवढं सांगून ती पाणी आणायला गेली.

आता माझी चूक सांगतो. नमुना घेताना राशीत पाच ठिकाणी, वरून तळापर्यंत हात घालून दाणे काढायचे असा नियम आहे. बारकी म्हणाली, “आज राशीत हात खुपसायचा नाय. वरचं घे.” तिचा नियम आणि माझा नियम समोरासमोर उभे राहिले, आणि मला म्हशाहून सुटणारी शेवटची जीप दिसत होती. मी वरचंच किलोभर घेतलं आणि कागदावर लिहिलं, पाच ठिकाणांहून. पिशवी बांधताना एक गोष्ट दिसली होती. राशीच्या पायथ्याला मुंग्यांची रांग लागली होती, दाणे ओढून नेत होती. पण वरच्या वीतभर भागाकडे एकही मुंगी चढत नव्हती. तिथवर येऊन त्या वळत होत्या. मला वाटलं, हळदीमुळे असेल.

महिन्याने अहवाल आला. बारकीच्या भातात दोन कीटकनाशकं सापडली होती, त्यांची नावं मलाही उच्चारता येईनात. मी पाड्यावर जाऊन तिला सांगितलं. तिने प्रमाणपत्राचं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “त्याच्या पंपातलंच?”

मी म्हणालो, “त्याच जातीतलं आहे एक.”

ती चुलीपाशी जाऊन बसली. राशीचा वरचा भाग आधी घरात शिजवायचा ही त्यांची रीत. महिनाभर ती तेच खात होती, आणि बाळंतपणाला आलेल्या लेकीला, काजलला, त्याचीच पेज देत होती. बारकीने मडक्यात हात घालून दाणे वर काढले आणि तळहातावर पसरून पाहिले. पाड्यावर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं भगताकडे जा. नऊ वर्षं जिचे गुण गायले ती चोरून फवारते असंही एकजण म्हणाला. माणसाची जीभ कशी वळते बघा.

मला मात्र त्या मुंग्या झोपू देईनात. दुसऱ्या फेरीला मी मुद्दाम विठूच्या घरी गेलो. त्याने मला दाखवायला कणगीचं तोंड उघडलं आणि जो वास आला तो मी लगेच ओळखला. दाण्यांवर पांढुरकी पूड होती. “दुकानातली पावडर हाय,” विठू म्हणाला. “भाताला टोके लागतात, किडे पडतात ना, दादा. नाय घातली तर आखाडात खायला काय ऱ्हातं? सगळीच घालतात.” अठराच्या अठरा नाही, सतरा घरं घालत होती. एक बारकी नव्हती घालत. त्या सतरा कणग्यांतल्या ओंजळी तिच्या राशीवर पडल्या होत्या, आणि मी नेमका तेवढाच थर उचलून तपासणीला पाठवला होता.

मी बारकीला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. कार्यालयाला सांगायची माझी हिंमत झाली नाही, नोकरी गेली असती. याची लाज मला आजही वाटते. तिने मला बोल लावला नाही. ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती.

“विठूची ओंजळ बी व्हती ना त्यात,” ती म्हणाली.

“होती.”

“तवा आमचं घर एकच व्हतं. त्या घरातलं शेवटचं गेलं ते लखमा.” बारकीने पदराने तोंड पुसलं. “म्हंजे त्यानंच आणून घातलं.”

बाहेर भर दुपार होती आणि घरात गारवा होता.

वर्ष सरलं. पुन्हा नापास झाली असती तर बाराही घरं बाद होणार होती, आणि हे त्या अकरा जणी तिला येता-जाता ऐकवत होत्या. मी परोपरीने सांगून पाहिलं, की त्या दिवशी राशीवर ताडपत्री टाक, कुणाला येऊ देऊ नकोस. विठूला म्हणालो, बिनपावडरीचं भात आणा. तो म्हणाला, “जुनं बिनपावडरीचं कुठून आनू? आन नवं त्येंचं नाय.” बाकीच्यांनी तर ऐकूनही घेतलं नाही. आपल्या मेलेल्यांना खळ्यावरून हाकलणारा हा सापगावचा कोण लागून गेला, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटत होतं.

राशीच्या दिवशी मी गेलो तेव्हा बारकीने खरंच ताडपत्री टाकली होती. दुपार डोक्यावर आली, सावल्या पायाखाली गेल्या, आणि ओंजळी घेऊन माणसं निघाली. पहिला जण राशीपाशी आला, ताडपत्री पाहून थांबला. त्याच्यामागे दुसरा थांबला. हातातलं भात खाली टाकायचं नाही, घरी न्यायचं नाही, बोलायचं नाही. सतरा माणसं डोकी झाकून भरल्या ओंजळींनी उन्हात उभी राहिली. कोणी हलेना. वाराही नव्हता, पण ताडपत्रीचं एक टोक हलत होतं.

तेव्हा बारकी राशीच्या पुढे आली आणि तिने आपला पदर पसरला. विधवेची ओटी कोणी भरत नाही. कडेच्या बायकांत चुळबुळ झाली. पण ती पदर धरून उभीच राहिली, आणि थोड्या वेळाने पहिली ओंजळ त्यात पडली. मग दुसरी. मी तिच्या शेजारीच होतो. विठूच्या जागी जो होता तो शेवटी आला. पंच्यात चेहरा दिसला नाही. मी हातांकडे पाहिलं. त्या ओंजळीला दोन्ही करंगळ्या होत्या.

उन्हाने डोळे दिपले असतील, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण बारकीने त्या हातांकडे बघून, बोलायचं नाही अशा वेळी, अगदी हळू म्हटलेलं मी ऐकलं. “हात थरथरत नाय आता तुझे.”

दाणे पडले, आणि तो पाठमोऱ्या पावलांनी मागे गेला. थोड्या वेळाने विठू मला विहिरीपाशी भेटला, बिडी ओढत होता, करंगळी नसलेल्या हातात धरून.

दुसऱ्या दिवशी मी राशीत पाच ठिकाणी हात घालून, तळापर्यंत, नमुना काढला. अहवाल स्वच्छ आला. बाराही जणींची प्रमाणपत्रं राहिली. गोण्यांवर हिरवी चिठ्ठी लागली आणि लाल भात मुंबईला गेला.

महिनाभराने वर्षअखेरची वही भरायला मी पाड्यावर गेलो. काजल सासरी गेली होती, बारकी एकटीच जेवायला बसली होती. तिने मला मोठ्या टोपातला भात वाढला. स्वतःच्या ताटलीत मात्र बाजूच्या छोट्या मडक्यातला घेतला. चुलीवर दोन वेगळी भांडी का, हे मला ताबडतोब कळलं.

“बाय, ते विष आहे,” मी म्हणालो. “पुरून टाक कुठेतरी.”

“पुरू कुठं? बांधात? खेकडे ऱ्हातात तिथं.” ती शांतपणे घास कालवत होती. “तो येवढ्या लांबून हातानं आनून देतो. माझ्या पदरात घातलंय, मलाच संपवाया पायजे. मुंबईच्या पोरांच्या ताटात तर नाय ना गेलं?”

“नाही गेलं.”

“मंग झालं. तुमची वही काढा.”

मी वही उघडली. बहुतेक रकाने भरलेले होते, शेवटचा एक प्रश्न राहिला होता. शेतकरी कुटुंब स्वतः पिकवलेलं सुरक्षित अन्न घरी खातं का? मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला.

बारकीने तोंडातला घास सावकाश गिळला. “खातो म्हणून लिवा,” ती म्हणाली. मी लिहिलं, आणि तिने वहीवर अंगठा उमटवला.