हर्क्युलिसचं पोट

मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून तालमीची भिंत रंगवायचं लचांड माझ्याच गळ्यात पडलं. वस्तादांची अट एकच: पहिलवान पाहिजे, पण देव नको. त्या भिंतीखाली पोरं जोडे काढायची. तिथे मारुती रंगवला तर पाप लागायचं! मी म्हटलं, ग्रीकांचा हर्क्युलिस काढतो. तो काही आपल्यावर कोपायला येत नाही.

पुस्तकातला हर्क्युलिस पार उघडा. वस्ताद ओरडले, "मास्तर, लाजशरम आहे की नाही? लंगोट घाला त्याला!" घातला. समोर बघून काढायला वस्तादच उभे राहिले, आणि मला खोटं काढता येत नाही. त्यांचं पोट जसंच्या तसं भिंतीवर उतरलं. अख्खं बुऱ्हाणपूर हसलं, वस्ताद मात्र खूश.

मग एका हनुमान जयंतीला कोणीतरी उरलेला शेंदूर हर्क्युलिसच्या गदेसारख्या सोट्याला फासला आणि पुढ्यात नारळ फोडला. झालं! दुसऱ्या दिवसापासून जोडे बाहेर.

गेल्या वर्षी वस्ताद गेले. मुलाने तालमीत मशिनी आणल्या आणि मला बोलावलं. "काका, सिक्स पॅक करून द्या. ये पेट देखके कौन आएगा जिम में?"

माझं डोकंच फिरलं. वस्तादांनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता, नजर लागते म्हणायचे. त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं, ते या भिंतीवर. पण हे बोलायचं सोडून मी मास्तरकी झाडली. "अरे, ग्रीकांनी जुन्या रांजणांवर त्याला दाढी दिली, पुढे दाढी काढून कोवळा केला, नाटकांत तर खादाड म्हणून हसले त्याला. तुला काय ठाऊक?"

"म्हणजे सगळ्यांनीच बदलला ना? मग आपणही बदलू," मुलगा म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण! रंग कालवला, आणि ब्रश घेऊन नुसता कालवतच बसलो.

तेवढ्यात वहिनी, म्हणजे वस्तादांची बायको, मुलाचा डबा घेऊन आल्या. त्यांनी माझा ब्रश बघितला, भिंत बघितली.

"भाऊजी, दाढी काढा, मिशा काढा, काय पाहिजे ते करा. पोटाला हात लावायचा नाही. जन्मभर भाकरी थापून मी केलंय ते."

आणि पदराने त्या पोटावरची धूळ पुसली.